वारशाने आलेली जुनी दुनळी: बार काढण्याइतकी सेफ आहे हे कसं ठरवायचं?

रानवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजोबांची दुनळी आता माझ्याकडे आलीय. कागदपत्रं, नावावर करणं सगळं रीतसर झालंय त्यामुळे कायद्याची चर्चा इथे नको, प्रश्न फक्त बंदुकीचा आहे.

१२ बोअर, शेजारीशेजारी दोन नळ्या, बाहेरच्या बाजूला दोन घोडे, दोन चाप. नळ्या उजेडात तिरक्या धरल्या की अंगभर बारीक वेटोळ्यांची नक्षी दिसते. आतून डावी नळी आरशासारखी लख्ख आहे, उजवीत मधल्या भागात काळपट ठिपके आहेत, बोटाने जाणवत नाहीत पण दिसतात. घोडे ओढले की दोन्ही कडक बसतात. दस्त्यावर मुठीपाशी एक बारीक रेघ आहे, ती चीर आहे की लाकडाचीच रेघ कळत नाही. सोबत जुन्या कागदी काडतुसांचा एक डबा पण मिळालाय.

आजोबा ही वापरायचे एवढं नक्की, पण शेवटचा बार कधी निघाला ते घरात कोणालाच आठवत नाही. मला रोज वापरायची नाहीये, पण एकदा तरी त्यांच्या बंदुकीतून बार काढावा असं फार मनात आहे. एक जण म्हणाले की नक्षीची नळी म्हणजे दमास्कस, हात लावू नकोस फुटेल, दुसरे म्हणाले इतकी वर्षं चालली ती आता काय होणार. कोणाचं ऐकू? मला स्वतःला उजव्या नळीतल्या ठिपक्यांची काळजी वाटतेय, डावी तर एकदम छान आहे.

लोहगंध

रानवारा, दोघांचंही ऐकू नका. "दमास्कस आहे म्हणजे फुटणारच" हे जितकं अर्धवट आहे तितकंच "इतकी वर्षं चालली" हेही. आजोबांच्या वेळी नळी किती जाड होती आणि आज किती जाड आहे हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि मधल्या काळात कोणी काय केलं हे आपल्याला माहीत नाही.

आत्ता लगेच करायच्या गोष्टी सांगतो. ती जुनी काडतुसं वेगळी ठेवा आणि कुठल्याही बंदुकीत घालू नका. कागदी काडतूस दमटपणा खातं, फुगतं, त्याचं कॅप कधी उशिरा पेटतं, कधी दारू अर्धवट जळते आणि डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) नळीतच अडकतो, आणि त्यामागून दुसरा बार काढला की नळी गेलीच. दुसरं म्हणजे बंदूक घासूनपुसून चकचकीत करायला घेऊ नका. पातळसर तेलाचा हात ठीक, पण पॉलिश पेपर अजिबात नको, कारण जी माहिती हवीय ती खालच्या बारीक ठशांमध्ये आहे आणि ते एकदा घासले गेले की संपलं.

आता नळ्या वेगळ्या काढा. पुढचं लाकूड निघतं, मग नळ्या खाली वाकवून उचलल्या की सुटतात. उलट्या करून मागच्या टोकाचा सपाट भाग बघा, तिथे जे जे छापलेलं आहे ते इथे लिहा. फोटोपेक्षा लिहिलेलं बरं, फोटोत मुकुट आणि डाग सारखेच दिसतात.

माळरान

एवढा विचार कशाला, जुन्या लोकांची साधी पद्धत आहे. बंदूक जुन्या टायरला घट्ट बांधायची, चापाला लांब दोरी, आपण भिंतीआड. दोन-चार बार काढायचे, फुटली नाही तर चांगली. आमच्याकडे असंच करायचे.

लेथवरचा

माळरान, ही पद्धत मी पण ऐकलीय आणि मला ती मनापासून धोकादायक वाटते, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोरीच्या चाचणीतून एकच कळतं, की *तो* बार सहन झाला. पुढचा सहन होईल का हे कळत नाही. पातळ नळी पहिल्या बाराला किंचित फुगते, डोळ्याला दिसतही नाही, किंवा आधीची बारीक भेग थोडी पुढे सरकते. म्हणजे तुम्ही चार बार काढून तिला आणखी कमकुवत केलीत, आणि मग "पास झाली" म्हणून पाचव्या बाराला ती हातात घेतलीत. जो बार बंदुकीचा धोका उघड करणार होता तो तुम्ही स्वतःच्या डाव्या पंजासाठी राखून ठेवलात. दुनळी धरताना डावा हात बरोबर नळीच्या पातळ होत जाणाऱ्या भागाखाली असतो हे विसरू नका.

प्रूफ हाउसमध्ये (बंदुका तपासून ठसा मारणारी अधिकृत संस्था) पण जास्तीचा बार काढतात की, असं कोणी म्हणेल. काढतात, पण मुद्दाम ठरलेल्या जास्त दाबाचा काढतात, आणि त्याच्या आधी आणि नंतर व्यास मोजतात, नळी आतून बाहेरून तपासतात, सांधा ढिला झाला का बघतात, आणि मगच ठसा मारतात. मोजमाप नसलेला जास्तीचा बार म्हणजे फक्त मोठा आवाज.

सुमेधा_व

लेथवरचा यांना पूर्ण अनुमोदन. माझ्या बाबांची दुनळी माझ्याकडे आली तेव्हा मी याच सगळ्यातून गेलेय. गनस्मिथकडे नेल्यावर त्यांनी काय काय बघितलं ते लिहिते, म्हणजे रानवारा तुम्हाला नेताना काय विचारायचं ते कळेल.

सगळ्यात आधी त्यांनी पुढचं लाकूड काढलं, बंदूक बंद केली आणि दस्ता धरून नळ्या वरखाली, डावीउजवीकडे हलवून बघितल्या. पुढचं लाकूड लावलेलं असताना त्याची स्प्रिंग नळ्या घट्ट धरून ठेवते त्यामुळे ढिलेपणा लपतो, हे मला आधी माहीत नव्हतं. मग उजेडासमोर धरून नळ्यांचा मागचा काठ आणि मागची उभी भिंत यांच्यात फट दिसते का ते. तिथे फट असेल तर बार निघताना काडतुसाच्या बुडाला टेकायला जागा राहत नाही, बूड मागे सरकतं, फाटू शकतं, आणि गरम गॅस तुमच्या तोंडाकडे येतो.

मग नळ्या आकड्याला दोरी बांधून लटकवल्या आणि बोटाच्या पेराने टकटक केली. छान घंटेसारखा लांब आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्या नीट चिकटलेल्या आहेत, बद्द किंवा खरखर आली तर डाक (झाळून केलेला जोड) कुठेतरी सुटलाय. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की या आवाजावरून नळीची ताकद कळत नाही, फक्त जोडणी कळते. अनेक जण एवढंच करून समाधान मानतात.

मग घोड्यांचं. अर्ध्यावर ओढलेला घोडा अंगठ्याने दाबून सुटतो का, पूर्ण ओढून दस्त्याला रबरी हातोडीने ठोकल्यावर पडतो का, एक चाप ओढताना दुसरा घोडा हलतो का. हे सगळं नकली काडतूस घालून, रिकाम्यावर नाही. तुमच्या दस्त्यावरच्या रेघेचंही विचारा, मुठीपाशी चीर असेल तर धक्क्याने दस्ता दोन तुकडे होतो आणि हातात फक्त धातू राहतो.

यातलं जे मला घरी जमण्यासारखं होतं ते मी करून बघितलं, पण नळीच्या भिंतीची जाडी घरी मोजता येत नाही. त्याला वेगळा गेज लागतो, तोंडापाशी व्हर्नियर लावून काहीही कळत नाही.

शशांक०७

दमास्कसबद्दल थोडं लिहितो कारण यावर नेहमी भांडणं होतात.

लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून तापवून ठोकून एकजीव करायच्या, त्यांना पीळ द्यायचा, आणि मग त्या पिळलेल्या सळया एका दांडक्याभोवती गुंडाळत वेटोळ्यावेटोळ्याचा जोड ठोकून नळी बनवायची, अशी ती पद्धत. नक्षी येते ती लोखंड आणि पोलाद वेगवेगळं रंगल्यामुळे. म्हणजे पूर्ण नळीभर ठोकून केलेले जोडच जोड असतात. कारागीर चांगला असेल तर ते जोड उत्तम असतात, आणि दमास्कसच्या कित्येक बंदुकांनी बिनधुराच्या दारूचं (आजच्या काडतुसांत असते ती) प्रूफही, म्हणजे प्रूफ हाउसची चाचणी, पास केलेलं आहे. म्हणून "दमास्कस म्हणजे बॉम्ब" हे मला पटत नाही.

पण दुसरी बाजू अशी की जोडांमध्ये कुठेकुठे कीट अडकून राहिलेलं असतं, आणि शंभर वर्षं ओलावा आणि काळ्या दारूची राख त्या रेषेत शिरत राहिली तर गंज आतल्या आत जोडाच्या वाटेने जातो. तो वरून दिसत नाही. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीखालीही तेच, पट्टी न उचलता तिथला गंज कोणालाच दिसत नाही.

आणि उलट चूक पण लोक करतात, नक्षी दिसली नाही की साधी पोलादी नळी समजून आजची दणकट काडतुसं घालतात. नळीवर पुन्हा काळा रंग चढवला की नक्षी झाकली जाते. पुढच्या लाकडाखालचा भाग नीट बघितला तर कधीकधी दिसते. स्वस्त बंदुकांच्या साध्या नळीवर वरून नक्षी उमटवलेली पण असते. म्हणून नक्षी आहे किंवा नाही यावर निर्णय घेऊ नये.

रानवारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काडतुसांचा डबा बाजूला ठेवलाय. नळ्या काढल्या, खालचं लिहितोय:

दोन्ही नळ्यांवर, दोन काठ्या एकमेकींवर तिरक्या, वर मुकुट, मधल्या जागांत बी, सी आणि पी अशी इंग्रजी अक्षरं. तशाच दुसऱ्या ठशात व्ही. मग एक चौकट, टोकावर उभी केलेली, आत १२ आणि खाली सी. दोन्ही नळ्यांवर १३ हा आकडा वेगळा. आणि एका बाजूला चोक असा शब्द. "नायट्रो" कुठेही नाही, भिंग लावून बघितलं.

१२ बोअरच्या बंदुकीवर १३ का?

लोहगंध

छान वाचलंत, आता बरंच कळलं.

मुकुट आणि तिरक्या काठ्या म्हणजे बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, ते १८१३ पासून आहे. टोकावर उभ्या चौकटीतला १२ आणि सी हा चेंबरचा (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तो भाग) ठसा १८८७ च्या नियमांपासून मारायला लागले, आणि १९०४ मध्ये बर्मिंगहॅमने हे तिरक्या काठ्यांचे ठसे बदलून मुकुटाखाली बीपी, बीव्ही असे सुरू केले. म्हणजे तुमच्या नळ्या या दोन सालांच्या मधल्या. सी म्हणजे साधं चेंबर, ३ इंची किंवा त्याहून लांब असतं तर एलसी असतं.

आता १३. बोअरचा आकडा म्हणजे एक पौंड शिशाच्या किती सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी नळीत बरोबर बसते, म्हणून आकडा मोठा तसा व्यास लहान. १२ चा व्यास ०.७२९ इंच, १३ चा ०.७१०. तुमचं चेंबर १२ चं आहे आणि नळी जरा अरुंद केलेली आहे, हे त्या काळी सर्रास करायचे, त्यात बिघाड काही नाही. मागच्या टोकापासून ९ इंचांवर नळीचा व्यास प्रूफच्या वेळी १३ मध्ये बसत होता एवढंच तो ठसा सांगतो. मधे १३/१ म्हणून ०.७१९ चा अजून एक टप्पा असतो, म्हणजे तुमच्या नळ्या त्या दिवशी ०.७१० किंवा त्याहून थोड्या जास्त, पण ०.७१९ च्या आत होत्या.

हा १३ तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. नळी नवी असताना आतून केवढी होती याची ती एकमेव नोंद आहे. आज ९ इंचांवर व्यास मोजून घ्या. तो पुढच्या टप्प्यावर गेला असेल तर तेवढा धातू आतून कोणीतरी काढलाय किंवा झिजलाय आणि ते जुनं प्रूफ आता लागू नाही.

आणि नायट्रो नाही म्हणजे काय तेही समजून घ्या. बिनधुराच्या दारूचं वेगळं प्रूफ बर्मिंगहॅमच्या नियमांत १८९६ ला आलं, ते तेव्हा नायट्रो प्रूफ असं शब्दांतच लिहायचे. तुमच्या नळ्यांची चाचणी फक्त काळ्या दारूवर झालीय. आजचं बिनधुराच्या दारूचं कुठलंही फॅक्टरीतलं काडतूस त्या चाचणीच्या कक्षेबाहेर आहे, नळी कितीही धडधाकट निघाली तरी.

केतकी_पान

वाचतेय, फार चांगली चर्चा. माझ्याकडे बंदूक नाही पण एक शंका, ६५ मिलिमीटरची छोटी काडतुसं मिळतात ना जुन्या बंदुकांसाठी? ती चालणार नाहीत का? आणि काडतूस चेंबरमध्ये नीट बसतंय एवढं पुरत नाही का?

लेथवरचा

ताई, नीट बसतंय हीच सगळ्यात फसवी खूण आहे.

काडतुसावर लिहिलेली लांबी बार निघाल्यानंतर उघडलेल्या टोपणाची असते. न वापरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड असतं. त्यामुळे ७० मिलिमीटरचं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अगदी आरामात बसतं, बंदूक बंद होते, काही अडत नाही. बार निघाल्यावर ते दुमडलेलं तोंड उलगडायला जागाच नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्रे आणि डाट त्या अरुंद तोंडातून जातात आणि दाब वाढतो. त्या काळच्या १२ बोअरच्या ब्रिटिश बंदुकांचं चेंबर बहुतेक अडीच इंची म्हणजे हेच ६५. म्हणून चेंबरची लांबी गेजने मोजून घ्यायची, अंदाजाने नाही. ठशावरून पण धरून चालू नका, कारण मागाहून कोणीतरी चेंबर लांब कोरलेलं असू शकतं, आणि कोरलं म्हणजे जिथे सगळ्यात जास्त दाब असतो तिथलाच धातू कमी केला.

आता ६५ ची काडतुसं. ती लांबीने आखूड आहेत, दाबाने कमी असतीलच असं नाही. सीआयपीच्या (बंदुका-काडतुसांच्या चाचणीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मापात १२ बोअरच्या साध्या काडतुसाला ७४० बारपर्यंत मुभा आहे, आणि ६५ चं काडतूस पण त्याच मर्यादेत बनवलेलं असू शकतं. तसंच खांद्याला धक्का कमी बसला म्हणजे दाब कमी असंही नाही. धक्का ठरतो छर्ऱ्याचं वजन आणि वेग यावर, दाब ठरतो दारू किती पटकन जळते त्यावर. हलकं काडतूस पटकन जळणाऱ्या दारूचं असेल तर दाब भरपूर असू शकतो.

लोखंडी छर्रे तर या वयाच्या कुठल्याच नळीत नकोत. शिसं चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी अरुंद केलेल्या भागातून, जाताना दबतं, लोखंड दबत नाही, मग नळी ताणली जाते.

सुमेधा_व

काडतुसांचा विषय निघालाय तर एक गोष्ट जोडते, नवीन असो जुनी असो कुठल्याही १२ बोअरला लागू आहे. २० बोअरचं काडतूस चुकून १२ मध्ये गेलं तर ते पुढे घसरून निमुळत्या भागात अडकतं, आणि चेंबर मागून रिकामं दिसतं. वाटतं आपण काडतूस घालायला विसरलो. मग १२ चं घालून चाप ओढला की पुढचं काडतूस अडथळा होऊन नळी फाटते. म्हणूनच बहुतेक कंपन्या २० ची काडतुसं पिवळी करतात. घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर दोन्हीची काडतुसं एका खिशात कधीच नकोत.

माळरान

टायरचं मी लिहिलं होतं ते मागे घेतो, लेथवरचा यांचा मुद्दा पटला. डाव्या हाताचा विचार मी कधी केलाच नव्हता. पण मग प्रश्न असा की गावोगावच्या सगळ्या माणसांना असे गेज असलेला गनस्मिथ मिळतोच असं नाही, त्यांनी काय करायचं?

लेथवरचा

न मिळाल्यास बंदूक वाजवायची नाही. मला दुसरं उत्तर प्रामाणिकपणे देता येत नाही. तपासता आलं नाही म्हणजे "बहुतेक ठीक असेल" असं होत नाही. आणि हातातल्या माणसाला एवढं तरी विचारा, "भिंतीची जाडी तुम्ही कशाने मोजता?" उत्तरादाखल त्याने नुसतं नळीत डोळा लावून "एकदम मस्त आहे" म्हटलं तर त्याच्याकडून दस्ता दुरुस्त करून घ्या, नळीचा निकाल घेऊ नका.

रानवारा (धागाकर्ता)

मंडळी, बंदूक दाखवून आणली. मोजमापं कागदावर लिहून घेतली, जशीच्या तशी देतो.

९ इंचांवर व्यास: उजवी ०.७१४, डावी ०.७२९.
भिंतीची सगळ्यात कमी जाडी: उजवी ०.०२४ इंच, डावी ०.०१६ इंच, चेंबरच्या बरंच पुढे, मधल्या भागात.
चेंबर दोन्ही अडीच इंची, मूळचीच, कोरलेली नाहीत.
पुढचं लाकूड काढून हलवल्यावर नळ्या किंचित हलतात, मागे एका बाजूला पातळ कागद जाईल एवढी फट.
दस्त्यावरची रेघ चीरच आहे.
डावा घोडा पूर्ण ओढून दस्त्याला ठोकल्यावर दोनदा पडला.

मला धक्का बसला तो डाव्या नळीचा. तीच तर लख्ख होती. त्यांनी सांगितलं की कधीतरी डाव्या नळीत खोल गंज पडला असणार, तो घालवायला कोणीतरी ती आतून घासून काढली, म्हणून आरशासारखी दिसते. उजवीला कोणी हात लावला नाही म्हणून तिच्यात ठिपके राहिले आणि धातू पण राहिला.

लोहगंध

हे इतरांनी पण नीट वाचावं असं वाटतं. १३ चा ठसा, म्हणजे ०.७१९ च्या आत. उजवी ०.७१४, अजून आपल्या प्रूफच्या मापात. डावी ०.७२९, म्हणजे १३/१ ओलांडून थेट १२ च्या मापाला पोचली. जुन्या मापापेक्षा कमीत कमी १० हजारांश इंच मोठी, तेवढा धातू आतून गेला. साधारण ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही जाडी लोक खालची मर्यादा धरतात, ती पण पुढच्या भागातली, चेंबरपाशी तर याच्या कितीतरी पट लागते. तुमची डावी त्याच्याही खाली आहे. आणि चकाकणारी नळी विकत घेताना लोक जास्त पैसे मोजतात, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

शशांक०७

उजवी नळी तर सगळ्या मापात बसतेय, जाडी पण आहे. मग डावी कायमची रिकामी ठेवून फक्त उजवीतून काळ्या दारूचं हलकं काडतूस? हा प्रश्न मी खरंच विचारतोय, कारण रानवारांना एकच बार काढायचाय.

लेथवरचा

शशांक, नुसती उजवी नळी बघितली तर तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण बार नळीतून निघतो आणि धक्का सगळ्या बंदुकीला बसतो. मागे फट आहे, मुठीला चीर आहे. ती फट भरून सांधा परत घट्ट करणं आणि दस्ता दुरुस्त करणं हे काम होण्यासारखं आहे, चांगले कारागीर करतात, पण ते झाल्याशिवाय उजवी पण नाही. आणि झाल्यावर सुद्धा, पुढे ही बंदूक ज्याच्या हातात जाईल त्याला "फक्त उजवी" हे कोण सांगणार?

नळ्या कापून मागचा भाग तसाच ठेवून त्यात नव्या पोलादी नळ्या बसवणं हा एक मार्ग आहे, ब्रिटिश प्रूफ हाउस अशा बंदुकीवर तसं स्पष्ट लिहून ठसा मारतात. मग बंदूक वापरता येते, पण ती नक्षी जाते. आत छोट्या बोअरची पूर्ण लांबीची नळी सरकवणं हा दुसरा, पण त्यालाही सांधा घट्टच लागतो.

रानवारा (धागाकर्ता)

नळ्या कापणार नाही. आजोबांची जी बंदूक आहे ती या नळ्यांसकटच आहे. निर्णय घेतलाय की हिच्यातून बार काढायचा नाही, उजवीतूनही नाही. दस्त्याची चीर फक्त वाढू नये एवढी दुरुस्त करून घेतोय, सांधा आहे तसाच राहू दे. मोजमापांच्या कागदाची एक प्रत बंदुकीच्या पेटीत आणि एक कागदपत्रांबरोबर ठेवलीय, त्यावर मोठ्या अक्षरात "वाजवू नये" आणि खाली कारण, म्हणजे पुढे मुलीला कोणी सांगायला नसलं तरी कळेल. वाईट वाटलं हे खरं. पण डाव्या नळीतून सुरुवात करणार होतो मी, ती चांगली दिसते म्हणून.

सुमेधा_व

योग्य केलंत. पेटीत ठेवताना कातडी म्यानात ठेवू नका, कातडं ओलावा धरून ठेवतं. घोडे खाली सोडून ठेवा, स्प्रिंगांना बरं. जुनी काडतुसं स्वतः उघडायला जाऊ नका, ज्यांना तो अधिकार आहे त्यांच्याकडेच द्या.

पाऊलवाट

धागा उशिरा बघितला. आमच्याकडे दुनळी नाही, ठासणीची आहे, एक नळी, पणजोबांच्या वेळची. भिंतीवर टांगलेली असते, मुलं खेळताना हात लावतात. ती वाजवायचा काहीच विचार नाही, त्यामुळे तपासायची गरज नाही ना?

लोहगंध

आहे, आणि आज आहे. आधी ती भिंतीवरून उतरवून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. ठासणीची बंदूक मागून उघडत नाही त्यामुळे आत बार भरलेला आहे की नाही हे वरून कळत नाही, आणि भरून ठेवलेल्या बंदुका तशाच टांगलेल्या सापडतात. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनी सुद्धा पेटते.

बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. तोंड कोणाकडेही नको, स्वतःकडे तर नाहीच. घोड्याखालच्या निप्पलवर तांब्याची छोटी टोपी आहे का बघा. असेल तर घोड्याला आणि टोपीला हात न लावता तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. नसेल तर लाकडाचा सरळ गज, लोखंडी नको, बाजूला उभं राहून तोंडातून हळू आत सोडा, आपटायचा नाही. जिथे थांबेल तिथे तोंडाशी खूण करा. मग तोच गज नळीच्या बाहेरून खुणेपासून मागे धरा. गजाचं टोक जवळजवळ निप्पलपर्यंत पोचायला हवं. दोन-चार बोटं आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे, बहुतेक बार. मग काही खरवडू नका, तापवू नका, ड्रिल तर अजिबात नाही, गनस्मिथला आधी कळवा की भरलेली असण्याची शक्यता आहे आणि तो सांगेल तशी न्या. गज कुठे थांबला ते इथे लिहा.